फ्रीजमधलं अळू आणि न पळणारा थेंब

दादरच्या आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतला होता: पाणी झटकणारे पृष्ठभाग. विषय सोपा, खर्च जवळजवळ शून्य, आणि जुलै महिना असल्यामुळे दादरच्या बाजारात अळू पाहिजे तेवढं. घरातल्या आणि बाजारातल्या वेगवेगळ्या पृष्ठभागांवर पाण्याचा थेंब सोडायचा, तो गोल राहतो की पसरतो, जागीच बसतो की घरंगळतो हे बघायचं आणि तक्ता करायचा, असा बेत होता. संध्याकाळी बाजारातून आणलेल्या ताज्या पानावर प्रयोग झकास झाला. उरलेली पानं वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पान, तोच ड्रॉपर आणि तेच नळाचं पाणी घेतलं, तर थेंब जागचा हलेना.

तिचे बाबा म्हणाले, "अगं, शिळं झालं पान. नवीन आण." आजीनं स्वयंपाकघरातूनच शेरा मारला, "अळवावरचं पाणी आज थांबलंय म्हणायचं!" मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "काका, पहिलं रीडिंग ठेवू की दुसरं?"

मी म्हटलं, दोन्ही ठेव. आपल्याकडच्या शालेय प्रकल्पांत न जुळणारं निरीक्षण खोडरबरानं जातं आणि पुस्तकात छापलंय तेवढंच तक्त्यावर उरतं. इथे मात्र सगळा मजकूर त्या न जुळणाऱ्या निरीक्षणातच होता.

मांडणी

आधी प्रयोगाची रचना सांगतो, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावरच उभा आहे. परीक्षेचं लाकडी पॅड घेतलं, लांबी 35 सेंटिमीटर. अळूच्या पानाच्या दोन शिरांमधला सपाट तुकडा कात्रीनं कापून दुतर्फी चिकटपट्टीनं पॅडवर बसवला. तुकडा कडेनं धरायचा, वरच्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. ड्रॉपरनं एक थेंब सोडायचा. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे एक थेंब 0.05 मिलिलिटरचा. मग पॅडचं एक टोक हळूहळू उचलायचं आणि थेंब सुटला त्या क्षणी टोकाची उंची पट्टीनं मोजायची. उंचीला 35 नं भागलं की कोनाची साइन मिळते. टोक 3 सेंटिमीटर उचललं की कोन जवळपास 5 अंश, 6 सेंटिमीटर उचललं की 10, आणि साडेसतरा सेंटिमीटरला 30 अंश. सातवीत त्रिकोणमिती नसते, म्हणून तिला उंची आणि कोन यांचा छोटा तक्ताच करून दिला.

थेंबाचं आकारमान दर वेळी सारखं असावं हा आग्रह मी धरला, त्यालाही कारण आहे. थेंबाला खाली ओढणारं वजन त्याच्या त्रिज्येच्या घनानुसार वाढतं, तर त्याला धरून ठेवणारी पकड त्रिज्येच्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे बारका थेंब चिकटून बसतो आणि मोठा त्याच पृष्ठभागावरून निसटतो. ड्रॉपर बदलला की तक्ता बदलतो.

कच्च्या अळूचा रस हाताला लागला की खाजतं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान कापणाऱ्यानं हात तोंडाला, डोळ्याला लावू नयेत.

पहिल्या संध्याकाळचा तक्ता

काचेवर थेंब पसरला. स्टीलच्या ताटावर बसका झाला आणि ताट कलतं केल्यावर मागे ओली रेघ सोडत सरकला. केळीच्या पानावर बऱ्यापैकी फुगीर राहिला, पण घरंगळायला चांगलाच उतार लागला. अळूवर मात्र तो सोडताच धावला. पॅडचं टोक तीन सेंटिमीटरही उचलावं लागलं नाही, आणि मागे पान कोरडं ठणठणीत. त्यावर खडूची पूड भुरभुरवून पुन्हा थेंब सोडला, तर वाटेतली पूड अंगावर घेऊन तो खाली गेला आणि मागे स्वच्छ हिरवा पट्टा राहिला.

गुलाबाची पाकळी घ्यायला मी सुचवलं होतं. दादरला फुलबाजार हाकेच्या अंतरावर असताना ती न घेणं म्हणजे संधी वाया घालवणं. ताज्या लाल पाकळीवर थेंब अळूवरच्यासारखाच टपोरा गोल बसला. मग पॅड उभं केलं, शेवटी उलटं धरलं. थेंब तसाच, गोलच्या गोल, पाकळीला लटकलेला. मुलीच्या तक्त्यात "थेंब गोल? हो/नाही" असा एकच रकाना होता, आणि त्यात अळू आणि गुलाब दोघांपुढे "हो" आलं. गोल राहणं आणि घरंगळणं हे दोन वेगळे गुण आहेत, हे तिथेच उघड झालं. म्हणून "कितव्या अंशाला सुटला" हा दुसरा रकाना आला. तो नसता तर दुसऱ्या दिवशीची गडबड लक्षातच आली नसती, कारण फ्रीजमधून काढलेल्या पानावरही थेंब गोलच होता. किंचित बसका म्हणता येईल, पण गोल. पॅड 30 अंशांपलीकडे नेलं तरी तो हलला नाही एवढंच.

संशयितांची यादी

शक्यता एकेक करून कागदावर लिहून काढल्या. पान शिळं झालं, हा बाबांचा तर्क. फ्रीजमध्ये ठेवताना कुणाचा तरी हात किंवा फडकं लागून वरचा मेणाचा थर गेला असेल, हा माझा. थंडीनं मेणाचं काहीतरी झालं असेल, हा मुलीचा, आणि तर्क म्हणून तो मुळीच वाईट नव्हता. आजीनं आणखी एक माहिती पुरवली: वडीसाठी काढलेली दोन पानं तिनं ओल्या फडक्यानं पुसून, शिरांवरून लाटणं फिरवून ठेवली होती. तीही त्याच पुडीत होती.

लाटणं फिरवलेलं पान पहिल्यांदा वेगळं काढलं. त्यावर थेंब सपाट पडला, पसरला, आणि पंख्याखाली तासभर ठेवल्यावरही पान सुधारलं नाही. लाटण्याखाली पानाचे सूक्ष्म उंचवटे चिरडले जातात, मेण पुसलं जातं, आणि तोडलेलं पान ते पुन्हा तयार करू शकत नाही. हे झालं कायमचं नुकसान.

न लाटलेल्या पानाची गोष्ट वेगळी निघाली. तेच हट्टी पान पंख्याखाली ठेवलं, वाळलं, आणि थेंब पुन्हा पाच अंशांच्या आत धावू लागला. बाबांचा तर्क इथे बाद झाला, कारण शिळं पान पंख्यानं ताजं होत नाही. माझाही झाला, पुसलेलं मेण पंख्यानं परत येत नाही. उरली थंडी, किंवा थंडीबरोबर आलेलं दुसरं काहीतरी.

डब्याची चाचणी

एका ताज्या पानाचे मधल्या शिरेवरून दोन भाग केले. एक भाग घट्ट झाकणाच्या डब्यात घातला, दुसरा उघड्या ताटलीत, आणि दोन्ही फ्रीजमध्ये. सकाळी दोन्ही बाहेर काढले. ताटलीतल्या तुकड्यावर लगेच थेंब सोडला, तो चिकटला. डबा मात्र झाकण न उघडता ओट्यावर ठेवून दिला. बाहेरून त्याला दरदरून घाम फुटला, तो पुसून काढला, आणि डबा पुरता खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडलं. आतल्या तुकड्यावरून थेंब पहिल्यासारखा सुसाट गेला.

म्हणजे रात्रभराच्या थंडीनं पानाचं काहीही बिघडलं नव्हतं. गडबड होत होती ती थंड पान बाहेरच्या हवेला लागल्यावर.

उलट्या बाजूनंही तपासलं. फ्रीजला न गेलेल्या पानाचा तुकडा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेच्या थोडा वर, चिमट्यात क्षणभर धरला. हे काम मोठ्यांनीच करायचं. पान थंड नव्हतं, उलट कोमट झालं, आणि तरी थेंब चिकटला. मग फ्रीजमधलं गार पाणी ड्रॉपरमध्ये भरून कोरड्या पानावर सोडलं, तर ते बेधडक पळालं. थंडीला निर्दोष सोडून द्यावं लागलं. गुन्हेगार होती वाफ.

मुंबईच्या जुलैत हे व्हायचंच. तापमान 28 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्के धरली तर दवबिंदू तापमान 25 अंशांच्या आसपास येतं. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन जमणार. फ्रीजमधलं पान दहा अंशांच्या खाली असतं. ते बाहेर काढताच त्याच्यावर धुकं बसतं, इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना पान फक्त जरासं निस्तेज दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला तेव्हा तो करडा ओलसर पापुद्रा दिसला. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी हाच प्रयोग केला असता तर ही भानगड इतकी ठळक झालीच नसती, आणि मग तक्ता कसा सुबक जमला असता!

थेंबाखालची हवा

आता जरा खोलात जायला हवं. सगळं प्रकरण एका अदृश्य गोष्टीवर टेकलेलं आहे: थेंब आणि पान यांच्यामधली हवा.

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला राहतो. खोलीच्या तापमानाला हा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, आणि नेहमीच्या द्रवांच्या मानानं तो बराच मोठा आहे. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. त्याचा पायाभूत विचार थॉमस यंग यांनी 1805 मध्ये मांडला. कोन 90 अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभागाला पाणी आवडतं, जास्त असेल तर नावडतं, आणि 150 च्या पुढे गेला तर थेंब जवळपास चेंडू होतो.

मेण पाणी झटकतं हे आपण जाणतो. पण नुसत्या गुळगुळीत मेणावर हा कोन साधारण 105 ते 110 अंश भरतो. टेफ्लॉनवरही तेवढाच. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर रसायन कितीही पाणीद्वेष्टं असो, 120 च्या पुढे मजल जात नाही. अळूचं पान दीडशेपलीकडे जातं ते मेणाच्या जोडीला असलेल्या खडबडीतपणामुळे. त्याच्या पृष्ठभागावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर त्याहून कितीतरी बारीक मेणाचे स्फटिक. थेंब या टोकांवर टेकतो आणि मधल्या खोलगट जागांत हवा कोंडून राहते.

ए. बी. डी. कॅसी आणि एस. बॅक्स्टर यांनी 1944 मध्ये याचं गणित दिलं. थेंबाच्या तळाचा फक्त दहावा भाग पानाला टेकलाय आणि बाकी हवेवर आहे असं समजा. मेणाचा स्वतःचा कोन 105 अंश, त्याची कोसाइन उणे 0.26. त्यात 1 मिळवा, 0.1 नं गुणा, 1 वजा करा. उत्तर येतं उणे 0.93, म्हणजे सुमारे 158 अंश. मेण तेच, पण खाली हवा आल्यामुळे कोन पन्नास अंशांनी वाढला. शिवाय टेकायला जागाच थोडी, म्हणून पकडही थोडी, आणि थेंब जरा उतार मिळताच निघतो.

त्याआधी, 1936 मध्ये, आर. एन. वेन्झेल यांनी दुसरी अवस्था मांडली होती. तीत पाणी खोलगट जागांतही उतरतं, हवा निघून जाते. अशा वेळी थेंब गोल राहू शकतो, पण प्रत्येक खळग्यात त्याचा पाय अडकलेला असतो.

आमच्या पानावर हेच झालं. बाहेरून टाकलेला थेंब उंचवट्यांच्या मानानं प्रचंड मोठा, त्याला खाली उतरायला वाट नसते. बाष्प मात्र रेणूंच्या रूपात येतं, ते खळग्यांच्या तळापर्यंत सहज पोचतं आणि तिथेच पाणी होतं. हवेची जागा पाण्यानं आधीच बळकावलेली असताना वरून आलेला थेंब या खालच्या पाण्याला जाऊन मिळतो आणि जखडला जातो. कमळाच्या पानावर बाष्प जमलं की तेही पाणी धरून ठेवतं, हे संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलेलं आहे. कमळाच्या पानाच्या स्वच्छतेचं कोडं जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्या 1997 च्या लेखामुळे जगभर गाजलं, पण त्या पानाचीही ही मर्यादा आहे.

गुलाबाच्या पाकळीचा उलगडाही इथेच होतो. तिच्यावरचे उंचवटे जास्त मोठे आणि ऐसपैस. पाणी मोठ्या खळग्यांत शिरतं, बारीक सुरकुत्यांत शिरत नाही. त्यामुळे गोलाईही टिकते आणि पकडही.

बादलीतला पुरावा

हवा आहे म्हणता, तर दाखवा, असं मुलीनं म्हटलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. दाखवता येते. ताजं पान बादलीतल्या पाण्यात बुडवायचं आणि सरळ वरून न बघता तिरपं बघायचं. हिरवं पान एकदम चांदीच्या पत्र्यासारखं लखलखतं. पाण्यातून हवेच्या थराकडे जाणारा प्रकाश लंबाशी सुमारे 49 अंशांहून जास्त तिरपा पडला की तो पूर्णपणे परत फिरतो. ही चकाकी म्हणजे पानाला बिलगलेल्या हवेचा आरसा. वरून सरळ पाहिलं तर पुन्हा हिरवंच.

फ्रीजमधून नुकतंच काढलेलं पान तसंच बुडवलं. काही भाग चांदीचा, काही भाग काळपट हिरवा, ठिगळं लावल्यासारखा. जिथे दव बसलं होतं तिथे आरसा नव्हता. लाटणं फिरवलेलं पान तर सरसकट हिरवं. आजी हात पुसत बघायला आल्या आणि मग पानं त्यांनी स्वतः बुडवून बघितली. "काकू, वडीच्या पानाला मसाला का चिकटतो ते आता कळलं ना?" मी विचारलं. "चिकटतो म्हणूनच लाटते मी," त्या म्हणाल्या. (खरं तर शिरा मऊ व्हाव्यात म्हणून लाटतात. पण बेसनाचं ओलं वाटण न लाटलेल्या पानाच्या वरच्या बाजूवर नीट बसत नाही, हे त्यांचं निरीक्षण पक्कं आहे. पानाची मागची बाजू वर घेऊन वाटण लावायची पद्धत आहेच.)

प्रदर्शनात वापरायला माझ्या मते ही बादलीच सगळ्यात चांगली. तक्ता वाचायला कुणी थांबत नाही, चांदीचं पान बघायला थांबतं.

आणखी एक पृष्ठभाग तक्त्यात आला तो काजळीचा. स्टीलच्या चमच्याची मागची बाजू मेणबत्तीच्या ज्योतीच्या वरच्या पिवळ्या भागात धरून काळी केली. काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, एकावर एक सैल रचलेले. मधे हवाच हवा. थेंब त्यावर अळूपेक्षाही चपळ, आणि चमचा पाण्यात बुडवला की काळ्याचा चांदीचा होतो. बोट लागलं की मात्र खेळ संपला, काजळी बोटावर. नेमक्या याच काजळीचा साचा करून त्यावर सिलिकाचा थर चढवायचा आणि पाणी व तेल दोन्ही झटकणारा पारदर्शक लेप बनवायचा, हे काम जर्मनीतल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलं.

भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकला की अळू आणि काजळी दोघांचीही मिजास उतरते. साबणामुळे पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी खळग्यांत शिरतं. साबणाच्या पाण्यासाठी वेगळा ड्रॉपर ठेवावा. एकच वापरला तर तो कितीही धुतला तरी पुढची निरीक्षणं बिघडतात, आणि मग पानाला दोष दिला जातो.

तक्त्यावर काय गेलं

अंतिम तक्त्यात अळूच्या पाच ओळी आल्या: ताजं पान, फ्रीजमधून थेट काढलेलं, बंद डब्यात कोमट होऊ दिलेलं, वाळवलेलं, आणि लाटणं फिरवलेलं. पुढे थेंब गोल का, कितव्या अंशाला सुटला, पाण्यात चांदी दिसली का. शेवटचा रकाना मुलीचा स्वतःचा. शाळेत आधी "एका वस्तूच्या पाच ओळी कशाला, पाच वस्तू घे" अशी सूचना आली होती. तिनं काच आणि ताट गाळलं आणि अळू ठेवलं. मला ते पटलं.

कोबीचं पान मात्र अजून तिढ्यातच आहे. त्याच्या बाहेरच्या पानांवर मेणाचा पांढुरका थर असतो आणि त्यावरून पाणी छान घरंगळायला हवं. बाजारातल्या कोबीवर कुठे घरंगळलं, कुठे अडलं, आणि अडलेलं पंख्यानंही सुधारलं नाही. पोत्यातून, टेम्पोतून, गाड्यावरून येताना थर घासला जातो असा आमचा अंदाज आहे. खात्री करायची तर हात न लागलेलं रोप हवं. गॅलरीतल्या कुंडीत कोबीची रोपं लावून झाली आहेत, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही अशी पाटी आजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून टांगली आहे.